गुरुवारचा पूर्णविराम

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर सतरा जणांना सांगून झाली. सतराही जण मान डोलावत ऐकत राहिले आणि शेवटी रिकामा कप खाली ठेवून म्हणाले, "काहीतरीच." पण घडलं ते घडलं. एका माणसाला त्याच्या मोबाइलनं मरणाची तारीख सांगितली, तीही वारासकट. त्या वेळी तो माणूस बनियनवर जेवणाच्या टेबलाशी बसला होता, बाहेर चांगलं ऊन पडलं होतं, आणि मरणाचा विषय निघावा असं घरात काहीही नव्हतं.

या माणसाला ऑफिसात सगळे दशांश म्हणायचे. कारण त्याला पूर्णांकात बोलताच येत नसे. चहात साखर किती असं विचारलं तर तो "दीड चमचा" म्हणायचा नाही, "एक पूर्णांक चार" म्हणायचा. लिफ्टला किती वेळ लागेल असं कुणी सहज म्हटलं तरी हा घड्याळ बघायचा. लोकांना म्हातारपणी दरमहा पेन्शन देणारी एक कंपनी होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यानं एकतीस वर्षं एकच काम केलं. समोरच्या कागदावरचा माणूस अजून किती जगेल, ते काढायचं. कंपनीला त्या माणसाचं काही बरंवाईट व्हावं असं मुळीच वाटत नसे. दरमहा पैसे कधीपर्यंत द्यावे लागतील, एवढंच कळायला हवं असे. त्या तारखेला ऑफिसात 'पूर्णविराम' म्हणत.

"त्या शाळेतल्या बाईंचा पूर्णविराम निघाला का हो?"

"निघाला, साहेब. अजून एकोणीस वर्षं. बाई दणकट आहेत."

असं बोलणं तिथं डबा खाता खाता चालायचं. कुणाचा घास अडकत नसे.

हे काम दशांश ज्यावर करायचा तो कॅल्क्युलेटर म्हणजे ऑफिसातला एक मानाचा गडी होता. आडवा, तपकिरी, वर सोनेरी पट्टी. त्यावर 'बरोबर'चं चिन्हच नव्हतं. आधी दोन दाबायचे, मग तीन दाबायचे, आणि सगळ्यात शेवटी अधिक. नवा माणूस उसना न्यायचा, दहा मिनिटं 'बरोबर' शोधायचा आणि मुकाट्यानं आणून द्यायचा. त्यामुळे एकतीस वर्षांत तो कुणी ढापला नाही. दशांशला मात्र त्यात काही विचित्र वाटत नसे. तो म्हणायचा, "यात अवघड काय आहे? आपण बोलतो तसंच आहे. आधी तू, मग मी, आणि मग भांडायचं. क्रियापद शेवटी." त्या यंत्रात त्यानं स्वतः नव्व्याण्णव पायऱ्यांचा एक प्रोग्रॅम भरून ठेवला होता. जन्मतारीख घालायची, एक बटण दाबायचं, पडद्यावर 'रनिंग' असा शब्द थोडा वेळ लुकलुकायचा आणि मग पूर्णविराम हजर. तारीख, आणि उजव्या टोकाला वाराचा आकडा. सोमवारचा एक, मंगळवारचा दोन, अशा हिशेबानं.

एक नियम मात्र होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण त्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकानं पाळला होता. स्वतःची किंवा घरच्या माणसाची जन्मतारीख त्या यंत्रात घालायची नाही.

रविवारी सकाळी दशांश गॅलरीत उभा राहून कॅल्क्युलेटरच्या बटणांमधली धूळ कापसाच्या काडीनं काढत होता. काडी सातच्या बटणाखाली अडकली. ती ओढायला गेला तर काडी हातात राहिली आणि यंत्र तिसऱ्या मजल्यावरून थेट खालच्या शेजाऱ्याच्या पाण्याच्या पिंपात. शेजारी माइक आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा. सगळे त्याला माइकवाला म्हणत. त्यानं बाही वर करून यंत्र बाहेर काढलं. पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठच आठ उमटले, आणि मग सगळं विझलं.

"शेवटचा श्वास दिसतोय," माइकवाला म्हणाला. तो सहज बोलला, पण दशांशच्या मानेवर काटा आला.

घरी येऊन तो टेबलाशी डोकं धरून बसला. सोमवारी चाळीस फाइली काढायच्या होत्या. लेकीला दया आली. "बाबा, त्यात काय एवढं? तोच कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये मिळतो." तिनं त्याचा फोन घेतला आणि समोर जे जे विचारलं जाईल त्याला न वाचता "हो, हो, पुढे, हो" करत पाच मिनिटांत ॲप बसवून दिलं. घड्याळात तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

दशांशनं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. तीच सोनेरी पट्टी, तीच तपकिरी बटणं. बटण दाबलं की तोच 'टक्' आवाज. फोन उलटा केला की पडद्यावर यंत्राची मागची बाजूही दिसायची, स्टिकरसकट. आणि गंमत म्हणजे, फोन खरं तर पापणी लवायच्या आत उत्तर देऊ शकला असता. पण ज्यानं हे ॲप बनवलं त्यानं ते मुद्दाम जुन्या यंत्राइतकंच सावकाश ठेवलं होतं. 'रनिंग' हा शब्द तसाच लुकलुकायचा. असं निष्ठावान काम दशांशनं माणसांत पाहिलं नव्हतं, फोनमध्ये तर नाहीच.

नव्व्याण्णव पायऱ्या त्याला तोंडपाठ होत्या. त्यानं त्या एकेक करून आत घातल्या. आता तपासून बघायला हवं.

"टाका कुठलीही तारीख," लेक आंघोळीला जाता जाता म्हणाली.

कुठलीही तारीख टाक म्हटलं की माणसाचं बोट कुठं जातं? दशांशचं तिथंच गेलं. आपण काय करतोय हे लक्षात आलं तोवर बटण दाबून झालं होतं. 'रनिंग' लुकलुकलं. मग थांबलं. पडद्यावर येत्या गुरुवारची तारीख होती, आणि उजव्या टोकाला एकटाच उभा असलेला चार.

पहिल्यांदा त्याला वाटलं, बोट घसरलं असेल. पुन्हा तारीख घातली. गुरुवार. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यानं दोन दुणे करून पाहिले. उत्तर चार आलं. एरवी दोन दुणे चार हे कुणालाही बरं वाटतं. पण दशांशला त्या चारातही गुरुवारच दिसला. मग सतराचा पाढा, एका जुन्या फाइलीचं व्याज, सगळं करून पाहिलं. चौथ्या दशांशापर्यंत अचूक. एकतीस वर्षं ज्या यंत्रानं एकदाही दगा दिला नाही, ते आत्ताच खोटं कशाला बोलेल?

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, ताट घेऊ का?" आपल्यामागं हिचं कसं होणार, या विचारानं त्याला भडभडून आलं. मग मनात आलं, निदान ही तरी खूप जगेल, हे कळलं तर शांतपणे जाता येईल. त्यानं तिची जन्मतारीख घातली.

गुरुवार.

लेकीची घातली. गुरुवार. एक घर, तीन माणसं, एकच दिवस. बिचाऱ्यानं शेवटचा उपाय म्हणून माइकवाल्याची घातली. माइकवाल्याचा पन्नासावा वाढदिवस मागच्या महिन्यात झाला होता, म्हणून तारीख ठाऊक होती. तो काही आपल्या घरातला नाही, त्याला आपल्याबरोबर जायचं काय कारण?

गुरुवार.

मग एकदम उजेड पडला, आणि तो उजेड अंधारापेक्षा वाईट होता. गुरुवारी कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. ऑफिसच्या हॉलमध्ये, जिथं सगळ्यांची टेबलं होती तिथंच, समारंभ होता. घरच्यांना आग्रहाचं आमंत्रण होतं. आणि माइक लावायला कोण येणार होता? तोच. म्हणजे चौघंही गुरुवारी एकाच छताखाली.

"काय झालं हो? जेवत का नाही?" बायकोनं विचारलं.

"जेवतोय," दशांश म्हणाला, आणि रविवारचा अख्खा घास त्यानं पाण्याबरोबर गिळला.

सोमवारी ऑफिसात त्यानं एकाही फाइलीला हात लावला नाही. शेजारच्या टेबलावर कॅशियर बसायचा. त्याला सगळे कर्णा म्हणायचे, कारण त्याच्या कानात घातलेली गोष्ट तळमजल्यापर्यंत ऐकू यायची. कर्ण्यानं दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा खुर्ची ओढून जवळ आला.

"चेहरा का असा पडलाय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरंच काही. बोल पटकन, मला चलन भरायचंय."

"कुणाला सांगणार नाहीस?"

"मी कधी कुणाला काही सांगितलंय?" कर्ण्याला स्वतःबद्दल खरोखरच असं वाटायचं.

दशांशनं सांगितलं. कर्णा हसला. मग म्हणाला, "माझी टाक." टाकली. 'रनिंग' लुकलुकायला लागलं तसं कर्ण्याचं हसू सुटं होत गेलं, आणि गुरुवार आल्यावर पूर्णच पडलं. दोघांनी मिळून मग हाताला लागतील त्या तारखा घातल्या. शिपाई, गुरुवार. टायपिंगच्या बाई, गुरुवार. लिफ्टवाला, गुरुवार.

समोरच्या भिंतीवर कंपनीच्या संस्थापकांची मोठी तसबीर होती. खालच्या पितळी पाटीवर त्यांची जन्मतारीख होती. शेजारी दुसरीही तारीख होती, चाळीस वर्षांपूर्वीची. दशांशनं ती जन्मतारीख घातली.

गुरुवार.

त्याच्या जिवात जीव आला. "बघ, हे तर कधीच गेलेत. म्हणजे यंत्र चुकतंय."

कर्णा उठून तसबिरीजवळ गेला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "गेलेला माणूस पुन्हा कसा जाईल? जाणार आहे ती तसबीर."

"म्हणजे?"

"तसबीर कशावर आहे?"

"भिंतीवर."

"आणि भिंतीवर काय आहे?"

दोघांनी मान वर केली. छताला एका कोपऱ्यापासून पंख्यापर्यंत बारीक तडा गेला होता. दशांश तो तडा एकतीस वर्षं बघत होता. आज पहिल्यांदा तडा त्याच्याकडे बघत होता.

मंगळवारी सकाळी दशांश लवकर उठला. आता मनावर ओझं ठेवून जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ओझं तसं एकच होतं, पण बावीस वर्षांचं. बायको ओट्याशी भाजी चिरत होती.

"अगं, जरा बस. एक सांगायचंय."

"बसून ऐकायचं म्हणजे तुमचा भाऊ राहायला येतोय."

"नाही."

"मग फ्रिज गेला."

"गाण्याच्या बाईंबद्दल आहे."

तिचा चेहरा उजळला. तिनं लग्नानंतर पाच वर्षं गाणं शिकलं होतं. एके दिवशी बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "आता माझ्याकडे तुम्हाला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. गळ्याला विश्रांती द्या." त्या दिवसापासून तिनं गळ्याला विश्रांती दिली होती. पण बाईंचं ते वाक्य मात्र तिनं बावीस वर्षांत एकदाही विश्रांतीला बसू दिलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला, विहिणीला, बँकेतल्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईला, सगळ्यांना ते ऐकवून झालं होतं.

"त्यांनी ते म्हणावं," दशांश खाली बघत म्हणाला, "म्हणून मी त्यांना सहा महिन्यांची फी दिली होती."

तिनं अर्धवट चिरलेली भाजी बाजूला सारली.

"किती महिन्यांची?"

"सहा."

"सहा त्यांनी मागितले?"

"त्यांनी तीन सांगितले होते. मी म्हटलं, काम पक्कं व्हायला हवं."

तिनं सुरी खाली ठेवली. "आणि हे आज का सांगताय?"

मग त्यानं गुरुवारचं सांगितलं. तारीख, वार, तडा, तसबीर, सगळं. आता ही रडेल, मग आपण रडू, मग लेकीला जवळ घेऊन तिघं रडू, असं त्यानं मनात मांडलं होतं. ती शांतपणे ऐकत राहिली.

"म्हणजे गुरुवारी मरणार म्हणून खरं बोललात."

"हो."

"आणि वाचलात तर?"

एकतीस वर्षं शक्यतांचा हिशेब करणाऱ्या माणसानं ही एक शक्यता धरलीच नव्हती.

"होऊ दे गुरुवार," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. एवढी बारीक भाजी तिनं त्या घरात कधी चिरली नव्हती.

ऑफिसात पोचतो तोच साहेबांचं बोलावणं. कर्ण्यानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तरीही तळमजल्यावरच्या पानवाल्यानं आदल्या संध्याकाळपासून उधारी बंद केली होती आणि तीन जणांनी रजेचे अर्ज टाकले होते. साहेब केबिनमध्ये उभे होते. साहेब उभे असले की समोरच्याला बसता येत नसे, आणि दशांशला तर उभंही राहता येत नव्हतं.

"हा काय पोरकटपणा लावलाय?" साहेब म्हणाले. "पन्नास वर्षांची कंपनी आहे ही. लोकांच्या मनात भीती घालता? नोटीस काढू का तुमच्या नावानं?"

"काढा, साहेब. पण गुरुवारच्या आधीची तारीख घाला."

साहेबांनी दार लावून घेतलं. खिडकीचा पडदा ओढला. मग खुर्चीत बसून एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "माझी टाका बघू."

टाकली. 'रनिंग' लुकलुकत असताना साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. चार आल्यावर पेपरवेट आपोआप थांबला.

"सकाळी की दुपारी?"

"तेवढं यंत्र सांगत नाही, साहेब."

"पुढं ढकलता नाही येणार? म्हणजे, तुम्ही इतकी वर्षं करताय. थोडं इकडंतिकडं..."

"साहेब, एका विधवा बाईंसाठी मी तेवीस सालात एकदा प्रयत्न केला होता. यंत्रानं 'एरर' दाखवलं."

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. दशांशला वाटलं, इथलंही ओझं उतरवून टाकावं. "साहेब, जाता जाता एक सांगतो. तुमचे विनोद मला कधी कळले नाहीत. सव्वीस वर्षं हसलो ते बाकीचे हसतात म्हणून."

साहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. "मलाही कळलेले नाहीत," ते म्हणाले. "माझ्या आधीच्या साहेबांचे होते. खुर्चीबरोबर मिळाले."

बुधवारी परिपत्रक निघालं. 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे सुवर्णमहोत्सवी समारंभ हॉलऐवजी समोरच्या मैदानात होईल. कर्मचाऱ्यांनी इमारतीपासून किमान दोनशे फूट अंतरावर बसावे. अंतर मोजण्याचे काम दशांश यांच्याकडे सोपवले आहे.' दशांशनं अंतर मोजलं. ते दोनशे दोन पूर्णांक तीन आलं. त्यानं पॉइंट तीन तसंच राहू दिलं, कारण अशा वेळी जवळ सरकायला कुणाची छाती होणार होती?

गुरुवार उजाडला. मैदानात खुर्च्यांच्या रांगा लागल्या. गंमत अशी की व्यासपीठ एका बाजूला आणि सगळ्या खुर्च्या दुसऱ्या बाजूला, इमारतीकडे तोंड करून. पाहुण्यांना ते जरा विचित्र वाटलं. भाषणं चालू होती ती सगळ्यांच्या पाठीशी. कुणीही वक्त्याकडे बघत नव्हतं. टायपिंगच्या बाई डोक्यावर स्टीलची परात घेऊन बसल्या होत्या. शिपायानं पायात बूट घातले होते, पळायला सोपं जावं म्हणून. कर्ण्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं होतं. माइकवाल्यानं माइक लावून दिला आणि वायर जेवढी लांब जाईल तेवढा लांब जाऊन उभा राहिला.

दशांशची बायको पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर हात. अख्ख्या मैदानात ती एकटीच इमारतीकडे बघत नव्हती. ती मागे वळून, व्यासपीठापाशी लेकीबरोबर उभ्या असलेल्या दशांशकडे बघत होती.

आणि इथंच दशांशची अवस्था अशी झाली की ती सांगायला शब्द पुरत नाहीत. इकडं छत पडलं तर जीव जाणार. आपण दोनशे दोन पूर्णांक तीन फुटांवर आहोत म्हणजे वाचणार. वाचलो तर घरी जावं लागणार. घरी ही असणार. त्यानं मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या, वजा केल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण छत पडावं म्हणून वाट बघतोय.

साडेअकरा झाले. अकरा पस्तीस. साहेब भाषणाला उभे राहिले, पण त्यांचा पहिला विनोद ओठांवरच राहिला. कुठलं तरी कबुतर इमारतीच्या गच्चीवरून उडालं आणि पन्नास माणसं एकदम खुर्चीतून उठून पुन्हा बसली. परात एकदा खाली पडली. तिचा आवाज ऐकून लिफ्टवाला मैदानाच्या टोकाला जाऊन आला.

बरोबर अकरा चाळीसला दशांशच्या खिशात 'टिंग' झालं.

त्यानं फोन काढला. पण डोळे इमारतीवरून काढून पडद्याकडे बघायचा धीर होईना. लेकीनं तो त्याच्या हातातून घेतला आणि वाचायला लागली. माइकवाल्याचा माइक जवळच होता, त्यामुळे तिचं वाचन मैदानभर ऐकू गेलं. "तुमची चार दिवसांची मोफत मुदत आज संपली आहे. प्रोग्रॅम चालवण्याची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. मोफत मुदतीत प्रोग्रॅमचं बटण दाबल्यास मुदत संपण्याची तारीख दिसते. जुन्या यंत्राच्या पडद्याशी प्रामाणिक राहण्यासाठी ही सूचना अक्षरांऐवजी आकड्यांत देण्यात आली होती. गैरसोयीबद्दल दिलगिरी."

टायपिंगच्या बाईंनी नीट ऐकू यावं म्हणून परात जरा वर उचलली.

"म्हणजे?" साहेबांनी माइकमधूनच विचारलं.

"म्हणजे मुदत ॲपची संपली, काका," लेक म्हणाली. "माणसांची नाही."

"मग माझी तारीख घातली तेव्हा?"

"काहीही घातलं असतं तरी गुरुवारच आला असता. टेलिफोन नंबर घातला असता तरी."

परात डोक्यावरून खाली आली. शिपायानं बुटाची नाडी सोडली. मग एकेक खुर्ची वळायला लागली. इमारतीकडे असलेली सगळी तोंडं सावकाश दशांशकडे फिरली. ज्यांनी रजा घालवल्या होत्या ते, ज्यांनी उधारी मागायला सुरुवात केली होती ते, ज्यांनी सासूची क्षमा मागितली होती ते. त्या पन्नास चेहऱ्यांची त्याला फार भीती वाटली नाही. पन्नासही चेहरे त्याला ओळखीचे होते. भीती वाटली ती एक्कावन्नाव्या चेहऱ्याची. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "झालं ना सगळं? चला घरी."

दशांशचे पाय जमिनीला चिकटले. छत, तडा, तसबीर, कशानंही त्याची जेवढी पाचावर धारण बसली नव्हती तेवढी त्या दोन शब्दांनी बसली. घरी, आणि चला. क्रियापद नेमकं शेवटी यायला हवं, तर तिनं ते आधीच म्हटलं होतं. म्हणजे काम मनात पक्कं झालेलं होतं.

आणि आता ऐका, कारण इथून पुढचं कोणी म्हणजे कोणी खरं मानत नाही. दशांशनं पहिलं पाऊल टाकलं, आणि त्याच क्षणी धडाड असा आवाज झाला. अख्खं छत खाली आलं. हॉल, टेबलं, पंखा, तसबीर, सगळं त्याखाली. धुळीचा लोट मैदानापर्यंत आला आणि बरोबर दोनशे दोन फुटांवर थांबला. लोकांनी दशांशला खांद्यावर घेतलं. साहेबांनी तिथल्या तिथं बढती दिली. टायपिंगच्या बाईंनी परातीतून पेढे... नाही, परात वाजवली. आणि दशांशची बायको पुढं आली, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "बावीस वर्षांचं काय घेऊन बसलात? तुम्ही आहात, आणखी काय हवं? केलं माफ."

"छत कुठं पडलं हो?"

आवाज आतल्या खोलीतून आला.

"पडली होती ती फक्त तसबीर, तीही तुम्ही माझ्यापासून लपायला हॉलमध्ये धावलात तेव्हा तुमचाच धक्का लागून. आणि माफ केलं असं कुणाला सांगताय? रोज पहाटे उठून तीन तास गाते मी, ते काय हौस म्हणून?"